मधली खोली रिकामी झाली, आता संक्रांतीच्या वाणाचं काय करू?

साखरपेठकरीण यांचा प्रश्न

नमस्कार. प्रश्न वाणाचा आहे, पण तो नीट कळायचा तर आधी आमच्या मधल्या खोलीचं सांगावं लागेल. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आमचं घर सोलापुरात साखर पेठेत. तीन खोल्या, रेल्वेच्या डब्यांसारख्या एकामागे एक. पुढची रस्त्यावर उघडते, मागे स्वयंपाकघर आणि मोरी, आणि मधे ही दहा बाय चौदाची खोली. मी १९९४ साली लग्न होऊन आले तेव्हापासून तिच्यात सामानच पाहिलं. दोन लोखंडी कपाटं, पाच ट्रंका, एक पलंग ज्यावर कुणी झोपत नव्हतं कारण त्यावर गाद्यांची चवड होती, आणि चारही भिंतींना मांडण्या. मोरीकडे जायचं तर अंग आडवं करून जायचं. मुलगा नोकरीला पुण्याला गेला, मुलगी लग्न होऊन अक्कलकोटला. घरातली माणसं दोनाने कमी झाली, सामान तेवढंच राहिलं.

गेल्या पावसाळ्यात मधल्या भिंतीला ओल आली. गिलावा करायचा म्हणून सगळं बाहेर काढावं लागलं. पुढची खोली भरली, मग ओटा भरला, मग उरलेलं गल्लीत ताडपत्रीखाली ठेवलं. ते तसं उघड्यावर पाहिलं आणि माझ्या पोटात गोळा आला. हे सगळं मी दर दिवाळीला पुसत आले होते. तीस दिवाळ्या.

मग मोजायला बसले. न शिवलेले ब्लाउजपीस ११२. आहेरातले टॉवेल-टोपीचे जोड २७. चादरी ३४, त्यातल्या १९ ची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. आणि दोन गोण्या भरून वाणात आलेल्या वस्तू : प्लास्टिकच्या वाट्या, गाळण्या, कंगवे, हातात मावणारे आरसे, कुंकवाचे करंडे. ब्लाउजपीसांत एक जांभळा निघाला, त्याच्या कोपऱ्याला शाईचा डाग. तो मीच माझ्या वहिनीच्या ओटीत घातला होता, कितीतरी वर्षांपूर्वी. डाग मला आठवत होता कारण तेव्हा तो आत दुमडून दिला होता. किती घरं फिरून माझ्याकडे परत आला कोण जाणे. एवढ्या फिरण्यात एकाही बाईच्या अंगाला तो लागला नाही.

चादरींचं दुःख वेगळं आहे. आमचे हे ३१ वर्षं मागावर आहेत. बारा-बारा तासांची पाळी केली, कान निम्मे गेले. सोलापुरी चादर पहिल्यांदा जरा टोचते, पाच-सहा धुण्यांनंतर मऊ पडते आणि मग माणसाची अर्धी जिंदगी टिकते. ट्रंकेत डांबरगोळ्या घालून ठेवायला ती विणत नाहीत. हे गल्लीत त्या चादरींकडे बघत उभे राहिले, काही बोलले नाहीत. रात्री जेवताना म्हणाले, "चार ठेव, बाकीच्या दे." सिव्हिलच्या आवारात थंडीत पेशंटचे नातेवाईक उघड्यावर झोपतात, आसपासच्या तालुक्यांतले, कर्नाटकातलेही. आम्ही दोघं तीन फेऱ्या करून ३० चादरी तिथं देऊन आलो. एका म्हाताऱ्या बाबांनी चादर अंगावर घेऊन ताणा-बाणा चाचपला आणि यांना विचारलं, "कुठल्या कारखान्यातली?" ते स्वतः विणकर होते. दोघं अर्धा तास बोलत बसले. तीस वर्षांत यांना मी कामाविषयी इतकं बोलताना पाहिलं नव्हतं.

बाकीचं हळूहळू गेलं. कपड्यांसाठी आधी बोहारणीला बोलावलं होतं, पण ती जुन्या साड्यांवर नवं पातेलं देते, म्हणजे पुन्हा मांडणी भरायची. तिला साड्या तशाच दिल्या, पातेलं घेतलं नाही. ती जरा बिचकली. ब्लाउजपीस शिवणकाम शिकणाऱ्या मुलींना दिले. गाद्यांचा कापूस पिंजून दोन गाद्या केल्या, पलंग गेला.

एक सांगते, पाण्याची भांडी मी कमी केली नाहीत आणि करणारही नाही. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. दोन पिंपं, नऊ घागरी आणि मोरीतला हौद हे लागतंच. एकदा कमी करून पाहिलं तर चौथ्या दिवशी शेजारी मागावं लागलं.

खोली रिकामी झाली तेव्हा पहिले काही दिवस मी नुसती जाऊन बसायचे. भिंतीला टेकून, चहाचा कप घेऊन. आवाज घुमायचा. मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं, आणि त्याचबरोबर, आता या हातांनी काय करायचं, असंही वाटायचं.

समोरच्या घरातली एक मुलगी सातवीत आहे. तिची आई घरीच विड्या वळते. एकच खोली, त्यात पाच माणसं, सुपं, पानं आणि टीव्ही. ती मुलगी एक दिवस दारात उभी राहून म्हणाली, "काकू, इथं बसून गणितं करू का?" आता नऊ जणं येतात. संध्याकाळी सहा ते साडेआठ. आमच्या भागातली पुष्कळ मुलं घरी तेलुगू बोलतात आणि शाळेत मराठी. दोन्हींच्या मधे कुठंतरी अडकतात, वाचायला लावलं की गप्प होतात. मीही तशीच होते. माझं शिक्षण बारावीपर्यंत. गणितात मी आठवीच्या पुढं जाऊ शकत नाही, पण वाचून घेते, पाढे म्हणून घेते, तेलुगूत समजावून मराठीत लिहायला लावते. सहाला पाच कमी असताना गल्लीत चपलांचा आवाज येतो. त्या आवाजासाठी मी दिवसभर कामं उरकते.

आता प्रश्न.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाला माझ्याकडे चाळीसेक बायका येतात. मी दरवर्षी होम मैदानावर गड्ड्याच्या यात्रेतून चाळीस वस्तू आणते आणि तितक्याच घरांतून तितक्याच वस्तू घेऊन येते. यंदा मला वस्तू द्यायची नाही आणि घ्यायचीही नाही. पण वाण नाकारलं तर देणारीचा अपमान. मी दिलं नाही तर माझ्या सासूबाईंचा, अत्तम्मांचा. त्या म्हणतात, "लुटायला हातात वस्तू पाहिजे."

आणि खरं दुखणं हेच आहे. खोली रिकामी झाल्यापासून अत्तम्मा माझ्याशी कामापुरतंच बोलतात. त्यांच्या सहा पितळी हंड्यांना आणि उखळाला मी हात लावलेला नाही, विचारलंसुद्धा नाही. तरी त्या म्हणाल्या, "मी जायची वाट बघ, मग हेही काढ." मी रडले. मला या रिकाम्या खोलीत जे सापडलं ते त्यांना ओरबाडून घेतल्यासारखं वाटतंय. कुणाच्या घरी असं झालं असेल तर सांगा.

छोटाहत्ती_एमएच१३

अक्का, मी १४ वर्षं छोटा हत्ती चालवायलोय. घरं हलवायचं काम. जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोड, सगळीकडं गेलोय. तुमचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहायलोय.

एका घराचं सामान मी तीनदा हलवलं. भाड्याच्या घरातून भाड्याच्या घरात, मग स्वतःच्या फ्लॅटमध्ये. त्यांचा एक मोठा खोका होता, माळ्यावरचा. तिसऱ्या वेळी उचलला तर दोरीला माझीच गाठ. पहिल्या वेळी मारलेली. नऊ वर्षांत कुणी सोडली नव्हती. मी काकांना म्हणलो, उघडून तरी बघा. ते म्हणले, "असू दे, लागेल." तो खोका चौथ्या मजल्यावर मी पाठीवर नेलाय, लिफ्ट बंद होती. वजन अजून पाठीला आठवतंय.

आषाढीला आमच्या ओळखीच्या दिंडीचं सामान मी पंढरपूरपर्यंत नेतो. माणसं पायी, सामान गाडीत. एका माणसाची एक वळकटी, एक पिशवी, ताट-तांब्या. साठ माणसांचं सामान एका छोट्या हत्तीत बसतं. आणि तिघांच्या घराला मला दोन फेऱ्या लागतात. दिंडीतल्या माणसाला रात्री विचारा, काय पाहिजे का? म्हणतो, पाय चेपून दे. बास.

पण एक सांगतो, राग मानू नका. म्हाताऱ्या माणसाचं सामान हलवताना मी आधी त्यांना विचारतो, आई, यातलं तुमच्या हातात काय द्यायचं? त्या काहीतरी सांगतातच. अडकित्ता, देवाची पेटी, एकीनं तर फुटकी परात मांडीवर घेतली. ती हातात दिली की बाकीच्या सामानाचं काही वाटत नाही त्यांना. हे न विचारता उचललं की गाडीत बसेपर्यंत रडतात. तुम्ही हंडे ठेवले हे चांगलंच केलं. पण खोली काढायच्या आधी विचारलं होतं का?

माझ्या दोन मुली आहेत, पाचवीत आणि तिसरीत. आम्ही अशोक चौकाजवळच राहतो. तुमच्याकडं जागा असेल तर पाठवू का? आणि कुठं काही पोचवायचं असलं तर गाडीचं भाडं घेणार नाही.

बार्शीची_सून

वाणाचं सोपं आहे ताई. आमच्या आजेसासूबाई सुगडातून ऊस, बोरं, गाजर, हरभऱ्याचे घाटे, गव्हाच्या ओंब्या आणि तिळगूळ द्यायच्या. मुळात वाण म्हणजे त्या दिवसांत शेतात जे आलं ते. प्लास्टिकची वाटी मधे कधीतरी घुसली. तुम्ही खायचं काहीतरी द्या, कुणी नावं ठेवणार नाही. येणाऱ्या बायकांना आधीच सांगा की मुलांसाठी वही-पेन्सिल आणा, म्हणजे तुमच्या शिकवणीचंही काम होईल.

चाळीतली_थोरली

मी थोडं वेगळं लिहिते आहे. तुमचं मन दुखवायचं नाही.

माझे वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा मी नववीत. आमच्या घरात सामान कमी कमी होत गेलं, पण ते आम्ही कमी केलेलं नव्हतं. आधी आईची पाटली गेली. मग शिवणयंत्र. मग तांब्याचा बंब. वडील एकेक भांडं धोतरात गुंडाळून न्यायचे, गल्लीतल्यांना दिसू नये म्हणून पहाटे. मांडणीवर भांड्याच्या जागी गोल डाग उरायचा, आई तिथं कागद कापून अंथरायची. रिकाम्या फळीची मला अजून भीती वाटते. माझ्या घरी आज चार कुकर आहेत. माणसं दोन.

म्हणून कुणी "कमी वस्तूंत सुख" म्हणलं की माझ्या अंगावर काटा येतो. ज्याला वस्तू परत घेता येते त्यानं ती सोडली तर तो हलका होतो. ज्याच्याकडून गेली तो तसाच हलका होत नाही.

तुमच्या सासूबाई विड्या वळायच्या का? आमच्या शेजारच्या पद्मशाली काकू, म्हणजे तेलुगू बोलणाऱ्या विणकर समाजातल्या, वळायच्या. दिवसाला हजार विड्या, मान खाली घालून. त्यांच्या मजुरीतून दर दिवाळीला एक भांडं यायचं. ते भांडं म्हणजे त्यांच्यासाठी स्वयंपाकाचं साधन नव्हतंच, बँकेचं पासबुक होतं. तुम्ही खोली रिकामी केलीत तेव्हा सासूबाईंना तो गोल डाग दिसला असेल.

तुम्ही मुलांसाठी जे करताय ते मला मनापासून आवडलं. नववीत असताना मला अशी खोली मिळाली असती तर मी पुढं शिकले असते.

आईची_वही

आमच्यात परिग्रह-परिमाण नावाचं व्रत आहे. जैन श्रावकाच्या पाच अणुव्रतांतलं पाचवं. साधू सगळं सोडतात, संसारी माणसानं फक्त मर्यादा घालून घ्यायची : जमीन, घर, सोनं, धान्य, कपडे, भांडी, यापुढं इतकंच. माझ्या आईनं मी लहान असताना एका चातुर्मासात हे व्रत घेतलं आणि एका लांब वहीत लिहून ठेवलं. साड्या १५. भांडी घरातल्या माणसांपुरती आणि वर चार पाहुण्यांची. नवीन साडी आली की त्याच दिवशी एक बाहेर. मामानं रेशमी साडी आणली तेव्हा आईनं स्वतःची लग्नातली साडी धाकट्या जावेला दिली. मला फार वाईट वाटलं होतं. आईला काही वाटल्याचं दिसलं नाही.

पण त्या वहीत फक्त आईच्या वस्तू होत्या. वडिलांना जुने रेडिओ जमवायचा नाद होता, सहा-सात रेडिओ होते, दोन वाजायचेही नाहीत. आईनं एका शब्दानं कधी म्हटलं नाही की हे काढा. ती म्हणायची, व्रत माझं आहे.

दुसरी गोष्ट मी फार कमी जणांना सांगितली आहे. सत्तरीच्या आसपास एकदा आई घरी आलेल्या बायकांना ती वही दाखवत होती. त्या गेल्यावर ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "आज मला वहीचा अभिमान वाटला." आमच्याकडे शिकवतात की परिग्रह वस्तूत नसतो, वस्तूविषयीच्या मूर्च्छेत असतो, म्हणजे जीव गुंतण्यात. आईच्या मनानं घेतलं की तिची वहीच आता तिचा परिग्रह झाली आहे. तिनं ती बंद करून मला दिली. व्रत शेवटपर्यंत पाळलं, पण लिहिणं सोडलं.

ताई, तुमची रिकामी खोली फार सुंदर आहे. तिच्याबद्दल बोलताना सासूबाईंना ऐकू येत असेल, तेवढं जपा.

साखरपेठकरीण

उशिरा लिहिते आहे, मधे घरात बरंच झालं.

दादा, तुम्ही विचारलंत ते खरं आहे. खोली काढायच्या आधी मी विचारलं नव्हतं. ओलीचं निमित्त झालं, मी मोजत सुटले, आणि अत्तम्मा पुढच्या खोलीत बसून बघत होत्या. मला त्या दिसल्याच नाहीत.

चाळीतल्या ताई, तुमचं उत्तर मी दोनदा वाचलं आणि मग अत्तम्मांना तेलुगूत वाचून दाखवलं. गोल डागाच्या ठिकाणी त्यांनी हात वर करून थांबवलं. हो, त्याही विड्या वळायच्या, चाळीस वर्षं. सहा हंडे सहा दिवाळ्यांचे. कुठल्या दिवाळीचा कुठला ते त्यांनी सांगितलं. दोन हंडे एकदा गहाण पडले होते आणि सोडवून आणले होते, हे मला एवढ्या वर्षांत माहीत नव्हतं.

मग त्या उठून मधल्या खोलीत गेल्या. खोली रिकामी झाल्यापासून त्या तिथं थांबत नव्हत्या, मोरीकडे जाताना भिंतीकडे बघत जायच्या. खोलीत शहाबादी फरशी आहे आणि मधोमध, पूर्वी जिथं पलंग होता तिथं, एका चौकोनात फरशीचा रंग वेगळा आहे. मला वाटलं होतं पलंगाखाली ऊन लागलं नाही म्हणून. अत्तम्मा म्हणाल्या, तो मागाचा खड्डा. मामांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, खड्ड्याचा हातमाग तिथं होता. ते काठावर बसायचे, पाय खड्ड्यात, पावड्यांवर. अत्तम्मा शेजारी बसून कांड्या भरायच्या. हातमागाचं काम संपलं तेव्हा माग मोडून लाकूड विकलं, खड्डा भरला, वर फरशी घातली, आणि ती जागा डोळ्यांसमोर नको म्हणून त्यांनी तिथं पलंग टाकला. मग पलंगावर गाद्या आल्या, पलंगाशेजारी ट्रंका. मी ज्याला सामान म्हणत होते ते तिथून सुरू झालं होतं.

त्या रागावल्या नव्हत्या. इतकी वर्षं झाकलेलं मी एका दुपारी उघडं करून ठेवलं होतं, त्यांना न सांगता. मी माफी मागितली. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, पोरं तिथं बसतात ते बरं आहे, पूर्वी या खोलीत आवाज असायचा.

आता वाण. बार्शीच्या ताई, खायचं द्यायचं ठरलं. वही-पेन्सिलीचं मलाही आवडलं होतं, पण अत्तम्मांनी साफ नाही सांगितलं. वाण मागायचं नसतं, जे येईल ते घ्यायचं. मला ते पटलं. कुणी वाटी दिली तर मान लववून घेणार आणि ज्या घरात ती लागते तिथं देणार. आम्ही छोट्या सुगडांतून शेंगाची चटणी देणार आहोत. अत्तम्मा मिक्सरची चटणी चटणीच मानत नाहीत, म्हणून त्यांचं उखळ बाहेर निघालंय. काल दोन किलो शेंगा भाजल्या, त्या कुटत होत्या, लसूण आणि तिखटाचा वास गल्लीच्या टोकापर्यंत गेला. त्यांचं वय ७८. मी हात लावायला गेले तर मुसळ सोडेनात.

वहीवाल्या ताई, तुमच्या आईंचं वाचल्यापासून गल्लीत कुणाला माझी खोली दाखवायला नेणं मी बंद केलं आहे. दोन महिने मी तेच करत होते.

दादा, मुलींना जरूर पाठवा. सहाला सुरू होतं. स्वेटर घालून पाठवा, संध्याकाळी फरशी गार पडते. त्या चौकोनावर आम्ही चादर अंथरतो, चौघं-पाचजणं तिथंच बसतात.